चियांग मायहून फ्रीलान्सिंग करताय? या चुका टाळा

"थायलंडमधल्या चियांग मायला जातोय, काय काय बघून ठेवू?" असा फोन आला की मी आधी विचारते, जानेवारीत निघणार की ऑक्टोबरात? समोरच्याला वाटतं, मी हवामानाचं विचारतेय. मी कराचं विचारत असते.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू केला. बाहेरच्या देशांतली कामं लॅपटॉपवर करणाऱ्यांना तो पाच वर्षांसाठी मिळतो. एका प्रवेशात १८० दिवस राहता येतं, आणि अर्ज करताना खात्यात पाच लाख बाट असल्याचं दाखवावं लागतं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. गडबड होते ती "१८० मिळालेत ना, मग १८० राहू" इथे.

थाई करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्या बारा महिन्यांत तुम्ही १८० किंवा जास्त दिवस तिथे राहिलात की कराच्या हिशेबाने तिथले रहिवासी झालात. १ जानेवारी २०२४ पासून अशा रहिवाशाने बाहेरची कमाई थायलंडमध्ये आणली तर तीही करपात्र. आता कॅलेंडर पुढ्यात घ्या. २ जानेवारीला उतरून ३० जूनपर्यंत राहिलात तर बरोबर १८० दिवस, म्हणजे सापडलात. तेच २ ऑक्टोबरला उतरून ३० मार्चपर्यंत राहिलात तरी १८० दिवसच, पण ९१ एका वर्षात आणि ८९ दुसऱ्या वर्षात पडतात. व्हिसा तोच, दिवस तेवढेच, फक्त तिकिटाची तारीख वेगळी. मी पहिल्या वेळी जानेवारीत गेले होते, आणि हे मला मे महिन्यात कळलं. मग जूनमधले दहा दिवस घरी सांगलीला काढले. घरच्यांना वाटलं, पोरीला आठवण आली.

आपल्याकडचा हिशेब एप्रिल ते मार्च. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात काढले की तुम्ही इथले रहिवासी. एप्रिल ते सप्टेंबर हेच १८३ भरतात, त्यामुळे ऑक्टोबरात निघालेल्याने नेहमीसारखं भारतात रिटर्न भरायचं आणि जगभरातली कमाई त्यात दाखवायची. यात अवघड काही नाही.

अवघड होतं ते "आता मी एनआरआय, आता कर नाही" म्हणणाऱ्यांचं. हे वाक्य मी चहाच्या टेबलावर इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त विचारते, पैसे कुठल्या खात्यात येतात? उत्तर बहुतेक वेळा गावातल्या बँकेचं असतं. क्लायंटचे पैसे थेट भारतातल्या खात्यात जमा होत असतील तर ते उत्पन्न भारतात मिळालेलं धरतात, आणि त्यावर एनआरआयलाही कर आहे. शिवाय आयकरातली, जमेची निम्मी रक्कमच नफा धरायची ती सोय, जिला सगळे ४४एडीए म्हणतात, ती फक्त रहिवाशांसाठी आहे. साधं बचत खातंही मग एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. म्हणजे कर गेला नाही, सवलत मात्र गेली. निघण्याआधी सीएकडे तासभर बसा. निघाल्यावर बसण्यात अर्थ नसतो, दिवस मोजून झालेले असतात.

इंटरनेटवरच्या "इथे जा, तिथे जा" याद्यांबद्दल एकच सांगते. त्या बहुतेक युरोप-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्यांनी लिहिलेल्या असतात. "जॉर्जियात वर्षभर बिनव्हिसा राहा" हे आपल्या निळ्या पासपोर्टाला लागू नाही. यादी वाचून तिकीट काढू नका.

आता ओटीपी. रात्रीचे अकरा वाजलेत, वेबसाइटचं डोमेन बारा वाजता संपतंय, कार्डाचा नंबर टाकलाय, आणि स्क्रीनवर सेकंद उलटे मोजले जातायत. पैसे आहेत, कार्ड आहे, फक्त मेसेज येत नाही. माझ्या बँकेचं उत्तर होतं, शाखेत येऊन नंबर तपासून घ्या. शाखा सांगलीत, मी चियांग मायला! उपाय तसा साधा निघाला. सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याचं बटण बंद केलं, यादीतली दुसरी थाई कंपनी निवडली, आणि अडकलेले चार ओटीपी एकदम आले. पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच चालू करून ठेवलेलं हवं आणि सिमचा रिचार्ज जिवंत हवा. तिकडे डेटासाठी थाई सिम घ्या. भारतीय सिम फक्त मेसेजपुरतं ठेवा आणि त्याचा डेटा बंद करा.

एटीएममध्येही एक सापळा आहे. परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क पडतं, म्हणून दोन-दोन हजार काढत बसू नका. नंतर मशीन प्रेमाने विचारतं, रुपयांत रूपांतर करून देऊ का? नको म्हणा. तो दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो. "नको" दाबलं तर व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते, पण पैसे येतात.

स्कूटरचं लायसन्स हा विषय पुण्यातून आलेल्यांना हसण्यावारी न्यावासा वाटतो. आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट एक वर्ष चालतं, पण तुमच्या लायसन्सवर फक्त कार असेल तर त्यावर दुचाकी चालवता येत नाही. पोलिसाचा दंड भरून सुटता येईल. विमा कंपनी मात्र हाड मोडल्यावर आधी लायसन्स मागते. आणि घरचा मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालतच नाही, पॉलिसी काढून वाचा.

कॅफेवाल्याने मेनू डिझाइन करून मागितला आणि पैसे देऊ केले तर हसून नाही म्हणा. डीटीव्हीवर स्थानिक काम चालत नाही. विमानतळावर शिक्का मारला की काउंटर सोडण्याआधी त्यावरची तारीख वाचा, कारण मुदत उलटली की रोज ५०० बाट दंड आहे, तो २०,००० पर्यंत चढतो.

लंडन-न्यूयॉर्कच्या क्लायंटची घड्याळं उन्हाळी वेळेसाठी मार्चमध्ये वेगवेगळ्या रविवारी पुढे सरकतात, तुमचं सरकत नाही. मीटिंग कॅलेंडरमध्ये त्यांच्या वेळेने नोंदवा.

राहता राहिलं घर. विजेचा दर युनिटला किती, हे मालकाला भाड्याआधी विचारा. काही मालक सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट लावतात. आणि ऑक्टोबर ते मार्च हा माझा लाडका हिशेब असला तरी सहा महिन्यांचं भाडं एकदम देऊ नका. फेब्रुवारी संपता संपता आजूबाजूची शेतं आणि डोंगर जळायला लागतात. खिडकीतून रोज दिसणारा दोइ सुथेप डोंगर एके दिवशी दिसेनासा होतो, घसा खवखवतो, हवेच्या प्रदूषणाचा आकडा लाल होतो. मी तेव्हा दक्षिणेला, समुद्राकडे पळाले. मार्चचं भाडं आगाऊ दिलेलं होतं, ते परत मिळालं नाही.