‘काही नाही’ म्हणणाऱ्या बाईला दवाखान्यात न्यायचं कसं

सोलापूरच्या पूर्व भागात मी आशाताई, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्य स्वयंसेविका. विड्या वळणाऱ्या बाईला “काही त्रास?” विचारलं, तर मांडीवरच्या सुपातून मान वर न काढता “काही नाही”. म्हणून नेमकं विचारा: अंगावरून पांढरं जातंय का? वास, खाज, ओटीपोटात दुखणं?

सासूबाई म्हणतील, उष्णता झालीय, धने-जिऱ्याचं पाणी घे. वाद घालू नका. पाणी पिऊ द्या, तपासणीही करा. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर नुसता डाग दिसला, तरी “पाळी परत आली” म्हणत बसू नका. त्याच आठवड्यात सिव्हिल गाठा.

सोबत नणंद, जाऊ, लेक कुणीही चालेल. घरात तेलुगू बोलत असतील तर मुलाला दुभाष्या करू नका, त्याच्यासमोर बाई अर्धं गिळते. केसपेपर काढतानाच बाई डॉक्टर आहेत का विचारा. शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही? जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी की नंतर, एवढं आठवलं तरी डॉक्टरांना अंदाज येतो.

तिशीपुढच्यांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही मागून घ्या. व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून मिनिटभरात बघतात. पाळीच्या दिवसांत मात्र जाऊ नका.