दाखल्यावर 'सुमारे' लिहू देऊ नका

माझा पहिला अनुभवाचा दाखला फार गोड होता. 'मुलगा होतकरू व प्रामाणिक असून त्याने आमच्याकडे सुमारे एक वर्ष काम केले.' खाली मालकांची लफ्फेदार सही. वायरमनच्या परवान्यासाठी तो अर्जाला जोडला. खिडकीवरच्या क्लार्कने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, यामा तारीख कोठे शे?" त्या 'सुमारे'पायी मला अमळनेर-जळगाव पाच हेलपाटे पडले, तेही मे महिन्यात. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आयटीआयवाल्या पोराला पहिल्याच दिवशी हे सांगतो.

अप्रेंटिस म्हणून लागलात की आधी सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवरचा तुमचा करार उघडून बघा. तो नोंदला गेलाय का, त्याचा क्रमांक काय, सुरुवातीची तारीख कोणती. मार्कशीटवर 'ज्ञानेश्वर' आणि आधारवर 'ग्यानेश्वर' असेल तर ते आत्ताच निस्तरा.

मग वही. तारीख, आल्या-गेल्याची वेळ, काम, कोणाच्या हाताखाली. 'इलेक्ट्रिकल काम केले' असं लिहिलं तर लिहून न लिहिल्यासारखं. माझ्या वहीत असं होतं: 'सकाळी ८ ते ४.३०. चटईच्या प्लँटवर १० एचपीच्या मोटरचा स्टार्टर उघडला. कॉन्टॅक्टर बदलला, ओव्हरलोड रिले सेट केला, मेगर लावून वायंडिंग तपासलं.' दर शनिवारी सुपरवायझरची सही. महिन्याच्या सह्या एकदम घेतल्या की एकाच पेनाची एकसारखी शाई दिसते, बघणाऱ्याला लगेच कळतं.

तास फुगवून घेऊ नका. एका पोराला त्याच्या शेठने प्रेमापोटी 'रोज १२ तास' लिहून दिलं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम करू देता येत नाही. म्हणजे शेठनेच शेठविरुद्ध लिहून दिलं की!

अप्रेंटिसचा पीएफ कापत नाहीत, त्यामुळे पुढे कामाचा पुरावा म्हणून पीएफचं पासबुक कामी येत नाही. स्टायपेंड ज्या खात्यात आला त्या बँकेचं स्टेटमेंट मात्र जपा. रोखीत घेऊ नका.

दाखला घेताना लेटरहेड, जावक क्रमांक, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत', कामाचं स्वरूप आणि सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा-शिक्का बघा. कंत्राटदाराकडे असाल तर त्याच्या लायसन्सचा नंबरही घ्या. त्याची मुदत तुमच्या कामाच्या काळात चालू होती का, तेही विचारा. विचारायला लाज वाटते, मलाही वाटली होती.

मला तारखांचा नवा दाखला हवा होता, पण माझे सुपरवायझर आबा तोवर निवृत्त होऊन पारोळ्याकडे गावी गेले होते. तिथवर गेलो. आबांनी चहा पाजला, वहीतल्या आपल्या सह्या ओळखल्या, पण म्हणाले, "माझी आजची सही काय कामाची?" बरोबरच होतं. शेवटी कंपनीतल्या नव्या मॅनेजरने जुनं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, काढलं, माझी वही शेजारी ठेवून तारखा जुळवल्या आणि नवा दाखला दिला. वही नसती तर मस्टरच्या त्या गठ्ठ्याला कोणी हात लावला नसता.

अर्ज टाकल्यावर कंपनीत एक फोन करून ठेवा. पडताळणीचं पत्र आलं की ते टेबलावर पडून राहतं. आवक-जावक बघणाऱ्याला तुमचं नाव आधीच माहीत असलं पाहिजे.