वर्षभराच्या ऊर्जा-तंत्रज्ञान भाकितांना गुण देताना या चुका टाळा

समजा, भाकीत असं होतं: ‘२०२३ मध्ये जगात ४०० गिगावॅटहून जास्त नवी सौरक्षमता बसेल.’ खरं ठरलं की फसलं? आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०२४ च्या मार्चमध्ये दिलेला आकडा सुमारे ३४६ गिगावॅट, सोलरपॉवर युरोप या सौर उद्योगसंघटनेचा ४४७. एकाच वर्षात शंभर गिगावॅटचा फरक! याचं एक मोठं कारण म्हणजे पॅनेलची क्षमता डीसीत (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) मोजली जाते आणि इन्व्हर्टरमधून ग्रिडला मिळणारी एसीत (दिशा बदलत राहणारा प्रवाह). मोठ्या प्रकल्पांत इन्व्हर्टरपेक्षा पॅनेल मुद्दाम जास्त लावतात, त्यामुळे डीसीचा आकडा फुगलेला दिसतो.

बहुतेक घोळ इथेच होतो. भाकीत लिहिताना मोजपट्टी ठरवलेली नसते आणि निकालाच्या वेळी सोयीची उचलली जाते. आपला तो बाब्या! भाकिताच्या ओळीतच संस्था, एकक, एसी की डीसी आणि मुदत लिहा. तेव्हा लिहिलं नसेल आणि दोन मान्य स्रोत उलट निकाल देत असतील, तर ‘अनिर्णित’ असा शेरा मारा आणि ते भाकीत गुणांच्या बेरजेतून काढून टाका.

पायाचा आकडा बदललेला न पाहणे

ही चूक जाणकारही करतात. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या पाहणीत लिथियम-आयन बॅटरी पॅकची सरासरी किंमत २०२२ साठी १५१ डॉलर प्रति किलोवॅट-तास होती, २०२३ साठी १३९. दोन अहवाल शेजारी ठेवले तर घट ८ टक्के. पण २०२३ च्या अहवालाने महागाई धरून आधीच्या वर्षाचा आकडा १६१ केला होता. त्यामुळे अधिकृत घट निघाली १४ टक्के. ‘किंमत १० टक्क्यांहून जास्त उतरेल’ हे भाकीत पहिल्या हिशेबाने फसतं, दुसऱ्याने खरं ठरतं. म्हणून दोन्ही वर्षांचे आकडे एकाच अहवालातून घ्या आणि किंमत चालू डॉलरमधली (त्या-त्या वर्षाची) की स्थिर डॉलरमधली (महागाई वगळून), हे नोंदवा.

तेलाचंही तसंच. २०२२ मध्ये ब्रेंट, म्हणजे जगभर दराचा मापदंड मानलं जाणारं कच्चं तेल, पिंपाला १२० डॉलरच्या वर गेलं, वर्षाची सरासरी सुमारे १०० राहिली आणि वर्ष संपलं ते ८६ च्या आसपास. ‘तेल शंभरी ओलांडेल’ या वाक्यात यातलं नेमकं काय अभिप्रेत होतं?

क्षमता आणि वीज यांची गल्लत

गिगावॅट ही क्षमता, गिगावॅट-तास ही प्रत्यक्ष वीज. १ गिगावॅटचा सौरप्रकल्प २० टक्के भारांकाने (पूर्ण क्षमतेने वर्षभर चालला असता तर मिळाली असती त्यातली प्रत्यक्ष मिळालेली वीज) वर्षाला १,७५२ गिगावॅट-तास देतो. तेवढ्याच क्षमतेची अणुभट्टी ९० टक्क्यांनी ७,८८४. ‘सौर अणूला मागे टाकेल’ हे भाकीत क्षमतेबद्दल असेल तर निकाल वेगळा, विजेबद्दल असेल तर वेगळा.

‘निव्वळ ऊर्जा’ हा शब्दही असाच निसरडा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसर-प्रयोगशाळेत इंधनाच्या लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा पडली आणि संमीलनातून (अणुकेंद्रं एकत्र जुळण्यातून) ३.१५ मिळाली. लेसर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. हिशेबाची सीमारेषा कुठे आखायची, हे आधी ठरलेलं हवं.

फक्त ‘किती बरोबर’ मोजणे

प्रत्येक भाकितासोबत खात्रीची टक्केवारी असेल तर ब्रायर गुण काढा: टक्केवारी दशांशात लिहा, खरं ठरलं तर १ आणि फसलं तर ० धरून फरक काढा, त्याचा वर्ग करा आणि सगळ्यांची सरासरी घ्या. गुण जितका कमी तितका चांगला. सगळीकडे ५० टक्के लिहिणाऱ्याला काहीही न करता ०.२५ मिळतो.

पण या गुणावर एकट्यावर विसंबू नका. पाच भाकितं, चार खरी, एक फसलं. सगळीकडे ९० टक्के लिहिलं असेल तर (४ × ०.०१ + ०.८१) ÷ ५ = ०.१७. सगळीकडे ७० टक्के असेल तर (४ × ०.०९ + ०.४९) ÷ ५ = ०.१७. गुण तोच, दोष उलटे: एकाला फाजील आत्मविश्वास, दुसरा उगाच बिचकणारा. म्हणून ६०, ७०, ८०, ९० टक्क्यांचे गट पाडून प्रत्येकात प्रत्यक्ष किती खरी ठरली ते पाहा. गटात पाच-सातच भाकितं असतील तर निष्कर्ष काढायची घाई नको. दोन-तीन वर्षांची एकत्र करा.

एकाच कारणाला बांधलेली भाकितं सुटी मोजणं हीदेखील फसवणूकच. २०२२ साठी वायू, कोळसा, वीजदर आणि खत यांवर चार स्वस्ताईची भाकितं केली असतील, तर युक्रेनवरील आक्रमणाने ती मिळून हादरली असती. त्यांना एक गठ्ठा समजा.

गुण देण्याची तारीखही आधीच ठरवा. वर्षअखेरीचे बरेच आकडे मार्च ते जूनदरम्यान येतात आणि नंतरही सुधारले जातात. ३० जूनला हाती असलेला आकडा अंतिम, असा नियम पुरतो. मुदतीनंतर तीन आठवड्यांनी सुरू झालेला प्रकल्प मात्र ‘फसलं’ याच रकान्यात जातो, अर्धा गुण नाही.