आधी एक वही घ्या

प्लॅब, म्हणजे बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची इथली परीक्षा, झाली, जीएमसीचं, म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन हातात आलं, आता मेडिकल एज्युकेशनच्या, म्हणजे डॉक्टर कसे घडतात याच्या, संशोधनात जायचंय, असं म्हणणारं कुणी ना कुणी आपल्याकडून इंग्लंडला येतंच. त्यांना मी आधी एक वही घ्यायला सांगते.

मी इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कन्सल्टंट, म्हणजे आमच्या टीमचे वरिष्ठ डॉक्टर, म्हणाले, मला नावानेच हाक मार. माझ्या तोंडून 'सर'च जायचं. राउंडला ते बोलत असले की मी मान खाली घालून ऐकायची. आपल्याकडे मोठ्यांसमोर असंच उभं राहतात. तीन महिन्यांनी मूल्यमापनाच्या फॉर्मवर आलं: 'प्रश्न विचारत नाही. रस दिसत नाही.' त्या रात्री खूप रडले. पुढे अभ्यासाला लागल्यावर उमगलं, की डॉक्टरच्या व्यावसायिक वागणुकीवरचा सगळा अभ्यास याच प्रश्नाभोवती फिरतो: चांगलं वागणं कशाला म्हणायचं आणि ते ठरवायचं कुणी?

म्हणून जे जे खटकेल ते पहिल्या सहा महिन्यांत लिहून ठेवा. एकदा सवय झाली की दिसेनासं होतं.

नोकरी क्लिनिकल टीचिंग फेलोची, म्हणजे हॉस्पिटलात मेडिकलच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या डॉक्टरची, बघा. बऱ्याच ठिकाणी सोबत मेडिकल एज्युकेशनच्या पीजी सर्टिफिकेट कोर्सची फीही मिळते. जमल्यास स्कॉटलंडमधल्या डंडीला जाऊन या. आपण ज्या ऑस्कीला, म्हणजे एकेका टेबलावर वेगळं काम करून दाखवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, घाबरतो, ती रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये तिथूनच जगापुढे मांडली.

आपल्याला पी-व्हॅल्यूची, म्हणजे आकडेवारीने सिद्ध करण्याची, सवय, त्यामुळे वीस मुलाखतींचा पेपर पोकळ वाटतो. तसं समजू नका. संशोधक पापाडाकिस यांच्या 2005 च्या अमेरिकी अभ्यासात पुढे शिस्तभंगाची कारवाई झालेले 235 डॉक्टर होते. विद्यार्थीदशेतल्या गैरवर्तनाशी त्या कारवाईचा ठळक संबंध दिसला. पण तो विद्यार्थी तसा का वागला, हे त्याच्यासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

आणि समोर बसायच्या आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी घ्या, 'नुसत्या गप्पा तर मारायच्यात' म्हणून टाळू नका. ज्याची परीक्षा तुम्ही घेणार, तो तुम्हाला मुलाखतीला नाही म्हणूच शकत नाही. म्हणून मुलाखत देशील का, हे त्याला दुसऱ्या कुणाला तरी विचारू द्या.

भारतातले धागे तोडू नका. 2019 च्या बॅचपासून तिथे एमबीबीएसला एटकॉम नावाचा भाग आहे, म्हणजे वागणूक आणि संवाद आता अभ्यासक्रमातच आहे. तुमच्या जुन्या कॉलेजात ते शिकवणाऱ्यांना फोन करा. माझा पहिला पेपर अशाच एका फोनमधून निघाला.

वही कुठलीही चालेल. फक्त तिच्यात पेशंटचं नाव कधीही लिहू नका.