जुन्या स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड आणि मीटर: घाईत होणाऱ्या या चुका टाळा

मागच्या वर्षी ऐन नवतप्यात माझ्या 1968 च्या ट्रायम्फ स्पिटफायरचा लाकडी डॅशबोर्ड पॉलिश होऊन परत बसला. पहिल्याच फेरीला नागपुरातल्या सीताबर्डीच्या सिग्नलवर तापमानाचा काटा लालीला टेकला. बाहेर 45 अंश, त्यामुळे संशय गेला तो इंजिनवरच. रेडिएटर काढून धुतला, थर्मोस्टॅट बदलला, तरी काटा तिथेच. मग मीटरच बिघडलं असं ठरवून ते उघडलं, आणि उघडताना स्क्रू ड्रायव्हर घसरून डायलवर अर्ध्या इंचाचा ओरखडा पडला. तो आजही आहे.

शेवटी सदरमधल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "मीटर काहून खोलून राह्यले होते भाऊ? पेट्रोलचा काटाही वरच दाखवून राह्यला नं? आधी काळी तार पाहा." डॅश परत बसवताना अर्थिंगची एक काळी तार जोडायची राहून गेली होती. दोन मिनिटांचं काम.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळतो. काटा चुकीचं दाखवत असेल तर मीटर सोडून बाकी सगळं आधी तपासायचं. खाली अशाच घाईत होणाऱ्या चुका एकेक करून लिहिल्या आहेत.

दोन्ही काटे एकदम चुकले की दोन्ही मीटर बिघडले असं समजणं

साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पेट्रोल आणि तापमान दाखवणारी स्मिथ्स कंपनीची मीटर बायमेटलची असतात. आत दोन धातूंची जोडलेली एक पट्टी, तिच्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणून हे काटे सावकाश चढतात. चावी फिरवल्यावर अर्धा मिनिट लागतो, तो दोष नाही.

बॅटरीचा व्होल्टेज सतत वरखाली होतो, म्हणून या मीटरना वीज थेट न देता व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून देतात. काडेपेटीपेक्षाही लहान अशी ती पत्र्याची डबी. आतला संपर्क उघडझाप करतो आणि सरासरी 10 व्होल्ट पुढे जातात. आता गंमत बघा: या डबीला अर्थिंग मिळालं नाही तर तिच्या आतली तार तापतच नाही, संपर्क कायम बंद राहतो आणि बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मीटरवर जातो. गाडी चालू असताना तो 14 च्या आसपास असतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे 10 च्या जागी 14 आले की मीटरमधली तार जवळजवळ दुप्पट तापते. माझा काटा लालीला का टेकला, त्याचं उत्तर हेच.

पत्र्याच्या डॅशमध्ये काही अर्थिंग निदान पत्र्यातून तरी मिळून जातं. लाकडातून वीज जात नाही. तिथे सगळा भार त्या काळ्या तारेवर असतो, आणि डॅश काढून बसवला की सगळ्यात आधी तीच विसरते.

दोन्ही काटे एकाच दिशेला चुकत असतील तर स्टॅबिलायझर किंवा त्याचं अर्थिंग. एकच चुकत असेल तर त्या मीटरचा सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसून मीटरला माप कळवणारा भाग), त्याची तार आणि सगळ्यात शेवटी ते मीटर. स्टॅबिलायझर तपासताना डिजिटल मल्टिमीटरवर आकडे नाचताना दिसले तर घाबरू नका, त्याचं कामच चालू-बंद होण्याचं आहे. साधा टेस्ट लॅम्प लावा. गरम झाल्यावर तो लुकलुकायला हवा. एकसारखा पेटून राहिला तर अर्थिंग गेलं आहे किंवा आतला संपर्क चिकटला आहे. डबीवर बी, ई आणि आय अशी अक्षरं असतात. बी म्हणजे बॅटरीकडून येणारी वीज, आय मीटरकडे जाणारी आणि ई अर्थ. ती मूळ ज्या दिशेने उभी होती तशीच बसवा, उलटी बसवली की आकडा चुकतो.

पेट्रोलच्या सेंडरची तपासणी तर याहून सोपी. टाकीवरची तार काढा आणि मल्टिमीटरने सेंडरचा रोध, म्हणजे ओहम मोजा. या प्रकारच्या सेंडरमध्ये टाकी रिकामी असताना साधारण 240 आणि भरलेली असताना 20-30 ओहम दिसतात. काहीच दिसत नसेल तर टाकीचं अर्थिंग खरवडून साफ करा. जुन्या सेंडरचा फ्लोट बुचाच्या लाकडाचा असेल तर त्यावर बहुतेक लाखेचा हात असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आपल्या पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. लाख गेली की बूच पेट्रोल पितं, बुडतं, आणि टाकी भरलेली असूनही काटा रिकामी दाखवतो. असा फ्लोट सरळ बदलून पितळेचा किंवा पेट्रोल सोसणाऱ्या प्लास्टिकचा घाला.

ओल्या कूलरसमोर लाकडाचं काम

ही चूक खास आपल्या गावची. उन्हाळ्यात नागपूरच्या गॅरेजमध्ये काम करायचं म्हणजे कूलर लागणारच. पण ताजं पॉलिश केलेलं लाकूड आणि उघडी मीटर कूलरच्या झोतात ठेवली की ओलावा थेट त्यांच्यात शिरतो. पॉलिशवर पांढुरकी झाक येते, व्हिनियरच्या (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) कडा उचलतात आणि नंतर काच बंद केली की रात्री मीटरच्या आत धुकं धरतं. पॉलिश पहाटे करा, कूलर बंद ठेवून. नाहीतर हे काम थंडीत काढा. डिसेंबर-जानेवारी इतका चांगला काळ दुसरा नाही.

माझ्या स्पिटफायरच्या, म्हणजे मार्क 3 च्या डॅशमध्ये प्लायवर अक्रोडाचं पातळ व्हिनियर आहे. सुतार म्हणतात, "सागवानाची फळीच टाकतो साहेब, बल्लारशाचा माल आहे." सागवान उत्तमच, पण अखंड फळी इथल्या हवेत टिकत नाही. मे महिन्यातली कोरडी भट्टी आणि जुलैमधली दमट हवा यांच्यात ती आकसते-फुगते, मीटरची गोल भोकं अंडाकृती होतात आणि मग काच ताणली जाते. सागवानाचंच व्हिनियर लावायचं असेल तर चिकटवण्याआधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसा. सागवानात तेल असतं, त्यावर डिंक नीट धरत नाही.

डिंकाचंही तसंच. फर्निचरचा पांढरा डिंक उन्हात मऊ पडतो. वर्धा रोडला दुपारी उभी केलेली गाडी आतून सहज 60 अंशांपार जाते आणि व्हिनियर पापडासारखं फुगतं. उष्णता सोसणारा इपॉक्सी किंवा युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक वापरा, आणि दोन्ही बाजूंना व्हिनियर लावा. एकाच बाजूला लावलं की प्लाय वाकतो.

डायल पुसणं

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. डायलवरचे आकडे छापलेले असतात. स्पिरिट, थिनर, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही लावलं की आकडे कापडावर येतात. मऊ ब्रशने धूळ झटका, नाहीतर रबरी फुग्याने हवा मारा, आणि फारच मळलं असेल तर कापसाची काडी नावाला ओली करून एका कोपऱ्यात आधी पाहा. थोडं पिवळटलेलं डायल तसंच ठेवा. नव्याने छापलेल्या डायलवरची अक्षरं पाहिली की जाणत्याला लगेच कळतं.

पुढची क्रोमची रिंग काढताना पान्हा किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. बऱ्याच रिंगा खाचांमधून फिरवून निघतात. मागची रबरी सील वर्षानुवर्षं वाळून चिकटलेली असते. हेअर ड्रायरने हलकं गरम करा, दोन्ही तळव्यांनी धरून थोडं थोडं फिरवा. जाम झालं म्हणून गंज सोडवणारं तेल मारलं तर ते काचेखालून डायलवर उतरतं आणि तो डाग पुन्हा जात नाही.

डायलवरचे आकडे अंधारात चमकणारे असतील आणि गाडी पन्नासच्या दशकातली किंवा त्याआधीची असेल तर तो रंग रेडियमचा असू शकतो. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षं आहे. चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. असा रंग खरवडू नका, घासू नका, त्याची भुकटी नाकात जाऊ देऊ नका. ते मीटर उघडूच नका.

केशनलिकेच्या तापमान मीटरला हिसका देणं

माझ्या एका मित्राच्या जुन्या एमजीत तापमानाचं मीटर विजेचं नाही. इंजिनमध्ये धातूचा एक छोटा फुगा, तिथून डॅशपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी, आत ईथर. ईथर तापलं की वाफेचा दाब वाढतो आणि काटा सरकतो. ही नळी एकदा तुटली की संपलं. इथे तिला डाग देऊन चालत नाही, ईथर उडून गेलेलं असतं. बहुतेक वेळा ती इंजिनजवळच्या नटापाशी तुटते. नट फिरतो आणि गंजामुळे नळीही सोबत पिळली जाते. नटाला दोन दिवस आधीपासून तेल पाजा, नळी स्थिर धरा, आणि पिळतेय असं दिसताच थांबा. डॅश काढायचा असेल तर फुगा आधी सोडवून मीटर आणि नळी एकत्र बाहेर काढा.

मे महिन्यात माझ्या मित्राने फोन केला, म्हणे इंजिन थंड आहे तरी काटा उचललेला आहे. गाडी शेडमध्ये होती, हवा 46 अंश, म्हणजे जवळजवळ 115 फॅरनहाइट. ईथर तर 35 अंशांखालीच उकळतं. मीटर अगदी खरं सांगत होतं, ते आपल्या शेडचं तापमान होतं!

ऑइल प्रेशरच्या मीटरमागे तेलाची नळी येते, तिथल्या जोडात चामड्याचा छोटा वॉशर असतो. दर वेळी नवा घाला. जुन्यातून झिरपलेलं तेल थेट कार्पेटवर आणि डॅशच्या मागच्या वायरिंगवर उतरतं.

सगळ्या तारा लाल

डॅशमागचं वायरिंग जळलं की पटकन मिळेल त्या एकाच रंगाच्या तारा टाकल्या जातात. गाडी चालते, पण पुढच्या माणसाला काही उमगत नाही. या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्यूकस कंपनीच्या पद्धतीत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून येणारी, फिकट हिरवी स्टॅबिलायझरनंतरची, हिरवी-काळी पेट्रोलच्या सेंडरची, हिरवी-निळी तापमानाची आणि काळी अर्थची. शक्यतो याच रंगात बदला. काम सुरू करायच्या आधी बॅटरी सोडवा, प्रत्येक टोकाला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा, फोटो काढा. ओडोमीटरचा आकडाही फोटोत येऊ द्या.

मीटरच्या दिव्यांत एलईडी घालायचा असेल तर घाला, पण अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा सोडून. त्या बल्बमधून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला जागं करतो.

स्पीडोमीटरच्या केबलला ग्रीस फासणं

काटा थरथरला की केबलला भरभरून ग्रीस लावतात. फिरणारी केबल ते ग्रीस वर ओढते आणि ते मीटरमधल्या चुंबकाच्या वाटीत जाऊन बसतं. मग काटा जोराने वर जातो आणि खालीच येत नाही. आतली तार पूर्ण बाहेर ओढा, पेट्रोलने धुवा, खालच्या दोन-तृतीयांश भागाला बोटांनी हलकं ग्रीस लावा आणि मीटरकडची टोकाची वीतभर जागा कोरडी ठेवा. थरथर तरी थांबली नाही तर केबल कुठे घट्ट वळली आहे ते पाहा. तिची वळणं मोठी आणि सैल हवीत.

डायलच्या खालच्या भागात छापलेला छोटा आकडा दर मैलाला केबल किती फेरे घेते ते सांगतो. दुसऱ्या गाडीचं मीटर विकत घेताना तो आकडा जुळवून पाहा. गिअरबॉक्स किंवा मागचा डिफरन्शिअल बदलला असेल, टायरचा व्यास वेगळा असेल, तर हिशेब चुकतो.

शेवटची चाचणी मी रविवारी पहाटे बुटीबोरीच्या पुढे, रस्ता मोकळा असताना करतो. शेजारी घड्याळ घेऊन मित्र बसतो, काटा 40 मैलांवर धरायचा आणि किलोमीटरचे पाच दगड मोजायचे. पाच किलोमीटरला 4 मिनिटं 40 सेकंद लागायला हवेत. मला 4 मिनिटं 55 सेकंद लागले, म्हणजे 40 दाखवताना गाडी प्रत्यक्षात 38 वर होती. मागच्या मालकाने छोट्या व्यासाचे टायर घातले होते. मीटर मी उघडलं नाही, टायरच बदलले.