पात्र की अपात्र: झोपडीचे कागद कसे जमवावेत

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरासाठी पात्र कोण हे ठरवणाऱ्या सर्वेक्षणाची माणसं गल्लीत आली की घरोघरी पत्र्याच्या पेट्या उघडतात आणि हवा तो कागद नेमका सापडत नाही. ही फाइल आधीच तयार हवी. खाली लिहिलंय ते मुंबईतल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या कामगारांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या वस्तीतल्या पोरांसाठी.

आधी तारखा. 1971 च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याखाली आजचा हिशोब असा आहे. झोपडी 1 जानेवारी 2000 पर्यंतची असेल आणि वस्तीत पुनर्वसन योजना झाली, तर 300 चौरस फुटांचं घर मोफत. तिथून 1 जानेवारी 2011 पर्यंतची असेल तर घर मिळतं, पण पैसे भरून. ही रक्कम 2023 मध्ये अडीच लाख ठरली. त्यानंतरच्या झोपडीला या कायद्याचं संरक्षण नाही. सिद्ध दोन गोष्टी कराव्या लागतात: त्या तारखेला झोपडी उभी होती, आणि आज तिथे तुम्हीच राहता. आजचे पुरावे ढिगाने असतात. अडतं ते जुन्या पुराव्यावर.

जुन्यात सगळ्यात वजनदार कागद मतदार यादीचा उतारा. नाव, घर क्रमांक आणि वर्ष एकाच सरकारी पानावर येतं. मतदार ओळखपत्र दाखवून भागत नाही, कारण ते नंतर पुन्हा छापलेलं असू शकतं. उताऱ्याची प्रमाणित प्रत मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: 10 रुपये शुल्क, एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत. 'माझ्या घराची सगळी माहिती द्यावी' असं लिहिलं की उत्तर नकाराचंच येणार. यादीचं वर्ष, विधानसभा मतदारसंघ, भाग क्रमांक, नाव आणि 'प्रमाणित प्रत हवी' एवढंच लिहा. इथे हमखास होणारी चूक अशी: 2008 मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली, त्यामुळे 2000 च्या यादीसाठी आजच्या मतदारसंघाचं नाव लिहिलं तर 'नोंद आढळली नाही' असा शेरा येतो. जुन्या मतदारसंघाचं नाव शेजारच्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. त्यांना विचारा.

त्याच्या जोडीला वीजबिल. बिलं हरवली असली तरी ग्राहक क्रमांकावरून मीटर कधी बसला ते वीज कंपनीकडून लेखी मागता येतं. मुलांच्या शाळेच्या रजिस्टरमधली पत्त्याची नोंद, बँक पासबुकाचं पहिलं पान, दुकान असेल तर गुमास्ता (दुकानाचा परवाना), हेही लावा. एकाच वर्षाचे पाच कागद लावण्यापेक्षा वेगवेगळ्या वर्षांचे पाच लावलेले बरे. मधे दहा वर्षांचं भगदाड दिसलं की 'मधल्या काळात कोण राहत होतं?' हा प्रश्न येतोच.

नावांचा घोळ प्रत्येक फाइलमध्ये असतो. गावच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, इथल्या बिलावर दुसरं. जुना कागद दुरुस्त करून घेऊ नका. दुरुस्तीनंतर त्यावर आजची तारीख पडते आणि त्याचा जुनेपणाच जातो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका. एक संच पक्क्या इमारतीत राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा.

भाडोत्र्याची गोष्ट सगळ्यात अवघड. बिल मालकाच्या नावावर, मालक दुसरीकडे राहणार, आणि सर्वेक्षणाच्या आदल्या रात्री 'दोन दिवस बाहेर राहा' असा निरोप. भाडं रोखीने देऊ नका, खात्यावर टाका. 'पेपरसकट खोली' विकणाऱ्या एजंटचा नोटरी केलेला करार म्हणजे मालकी नव्हे. विकणाऱ्याचं नाव सरकारी नोंदीत आहे का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

फुटपाथवर किंवा बांधकामाच्या साइटवर झोपणाऱ्यालाही मतदार होता येतं. नमुना 6 मध्ये, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जात, झोपण्याची जागा लिहायची. बूथ स्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे येऊन खात्री करायची असते. अशा माणसाकडे पत्त्याचा वेगळा कागद मागायचा नसतो. रेशनकार्ड गावचं असलं तरी आधारवर अंगठा देऊन इथल्या दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं, उरलेलं घरचे गावी घेऊ शकतात. जुन्या शाळेचा दाखला यायचा म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. पाण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं की झोपडी कधीची आहे हे बघून पाणी नाकारता येणार नाही. नळ मिळाला म्हणून झोपडी अधिकृत होत नाही, एवढं मात्र लक्षात असू द्या.

टेबलापलीकडून 'फुकटची घरं पाहिजेत' किंवा 'हे सगळे परप्रांतीय' असं ऐकावं लागतं. समोर जालन्याचा माणूस उभा असला तरी. वाद घालू नका, कागद सरकवा आणि आवक शिक्का घ्या. वस्तीच्या आतही हेच चालतं: 'आम्ही पंच्याण्णवच्या आधीचे' म्हणणारे नंतरच्यांना बैठकीला बोलवत नाहीत. हा मूर्खपणा आहे. परिशिष्ट-2 ची, म्हणजे कोण पात्र आणि कोण अपात्र याची, प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीची मुदत सगळ्यांना सारखीच असते, आणि एकट्यादुकट्याच्या हरकतीपेक्षा गल्लीने मिळून दिलेल्या पन्नास हरकतींची दखल लवकर घेतली जाते. हरकत मात्र प्रत्येकाची वेगळी, आपापल्या कागदांसह द्या.

पाडकामाची नोटीस आली तर चिकटवलेल्या नोटिशीचा दारासकट फोटो काढा आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये 15 दिवसांची नोटीस बंधनकारक केली, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-नाला इथल्या बांधकामांना ती सवलत नाही. बऱ्याच वस्त्या नेमक्या तिथेच आहेत. अशांनी सर्वोच्च न्यायालयाचाच 1985 चा ओल्गा टेलिस निकाल पुढे करावा: फुटपाथवासीयांनाही पूर्वसूचनेशिवाय हटवणं त्यात गैर मानलं आहे, हटवूच नये असं मात्र म्हटलेलं नाही. 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात राहती घरं पाडू नयेत असा शासन निर्णयही आहे. पथक आलंच तर आधी कागदांची पिशवी, औषधं आणि गॅस सिलिंडर बाहेर काढा. पंचनाम्याची प्रत मागा आणि कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका. सामान उचलून नेलं तर त्याची यादी अधिकाऱ्याच्या सहीने घ्या.