तोरणमाळ: तळं आणि सीताखाई एका फेरीत करताना या चुका टाळा

शहाद्याहून निघून म्हसावद, राणीपूर मागे टाकलं आणि सात पायरीचा घाट चढला की तापीकाठचं अंग भाजणारं ऊन एकदम नरम पडतं. वर तोरणमाळ, नंदुरबार जिल्ह्यातलं सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण: यशवंत तलाव, जवळच कमळ तलाव, काठाने बऱ्यापैकी सपाट वाट. माणसाची फसगत इथेच होते. तळं बघून तो म्हणतो, एवढंच ना? दोन तासांत वळसा मारून जेवायला परत येऊ. पण फेरीचा निम्मा भाग तळ्याचा असला, तरी उरलेला सीताखाईच्या, म्हणजे धबधब्याच्या खोल दरीच्या बाजूचा आहे आणि त्या दोघांचा स्वभाव एक नाही.

चढ शेवटी येतो, हे विसरणं

धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला चढताना दम सुरुवातीलाच लागतो. झेपलं नाही तर निम्म्यातून वळायचं, उतार आपोआप खाली आणून सोडतो. तोरणमाळला सगळं उलटं. आपण आधीच साडेतीन हजार फुटांच्या वर उभे असतो आणि खाई पायाखाली असते. जाताना हसतखेळत उतरतो. येताना पाय दमलेले, बाटली हलकी आणि समोर चढ. म्हणून उतरायला जितका वेळ लागला, त्याच्या निदान दीडपट वेळ वर यायला धरा. उन्हात दुप्पट.

माझा हिशेब साधा आहे. खाईची बाजू सकाळी आधी उरकायची, तळं शेवटाला ठेवायचं. माणशी तीन लिटर पाणी, त्यातला एक लिटर वर येऊन सपाटीला लागेपर्यंत राखून ठेवायचा. आणि वळायची वेळ घरूनच ठरवायची. बारा म्हणजे बारा, मग धबधबा ‘आता दिसेलच’ असं कोणी कितीही म्हणो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी सावली पडते.

गुरांच्या वाटेला माणसांची वाट समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सप्टेंबरअखेर होती, गवत कमरेएवढं. खाईच्या धारेवरून परत फिरताना एक छान मळलेली वाट उजवीकडे जाताना दिसली. तळं त्याच बाजूला असणार, असं म्हणून आम्ही तिघे शिरलो. दहा मिनिटांनी वाटेला तीन फाटे फुटले. मधला धरला, तर त्याला आणखी दोन. फांद्या सारख्या तोंडावर येत होत्या आणि आम्ही वाकून चाललो होतो. शेवटी सरपणाची मोळी घेतलेला एक पोरगा भेटला. तो हसला आणि म्हणाला, “दादा, ही ढोरांची वाट.”

त्याने दाखवलेली खूण तेव्हापासून विसरलो नाही. माणसाच्या वाटेवर छातीच्या, तोंडाच्या उंचीवरच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात. गुरं खालून जातात, त्यांना वरच्या फांद्यांशी देणंघेणं नसतं. त्यांची वाट चरायच्या जागी बोटांसारखी फाटत जाते आणि पाण्यापाशी पुन्हा एक होते. वाकून चालावं लागतंय असं दिसलं, की थांबा.

थांबून काय करायचं? शेवटची खात्रीची जागा आठवायची आणि तिथवर मागे जायचं. नाल्याच्या कडेने खाली उतरत राहिलं की गाव लागतं, हा समज सातपुड्यात जीवावर बेतू शकतो. इथला काळा पाषाण लाव्हाच्या थरांचा, पायऱ्यांसारखा रचलेला. नाला एका थरावर निवांत वाहतो आणि पुढच्या थराच्या काठावरून सरळ कोसळतो. उतरलेली पायरी परत चढता येत नाही आणि पुढची उतरता येत नाही, अशा जागी माणूस अडकतो.

अंतर विचारणं

पाड्यावरच्या माणसाला ‘किती लांब?’ विचारू नका. उत्तर बहुतेक ‘इथंच आहे’ असतं, आणि रोज डोक्यावर ओझं घेऊन तीच चढण चढणाऱ्याच्या दृष्टीने ते खरंही असतं. वाटेत चढ किती, पाणी कुठे, ओढा ओलांडावा लागतो का, हे विचारा. वर भिली-पावरी बोलली जाते, आपली अहिराणी तिथे फारशी कामाला येत नाही. सावकाश, सोप्या मराठीत बोला. त्याहून बरं म्हणजे गावातलाच वाटाड्या सोबत घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा.

पाण्याशी खेळ

पावसाळ्यात ओढा अचानक गढूळ झाला, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर वर कुठेतरी पावसाने जोर धरलाय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी पात्रातून लगेच बाहेर व्हा. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी ओलांडू नका, उतरेपर्यंत बसून राहा. धारेजवळचा शेवाळलेला दगड सेल्फीसाठी नसतो, एवढं सांगून पुढे जातो.

बारीकसारीक

नवे बूट घालून येऊ नका. टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबून पट्टी लावा, फोड आल्यावर उपयोग नाही. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर धूर, सिगारेट, आरडाओरडा बंद. वेफर्सपेक्षा दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन केळी जास्त अंतर नेतात. गोळे आले तर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट प्यायचं. मोबाइलमध्ये नकाशा शहाद्यातच उतरवून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशाच नसेल तर पडद्यावर नुसता निळा ठिपका दिसतो.

आणि निघण्याआधी गावात जेवण सांगून ठेवा. किती माणसं, कोणत्या बाजूने जाणार, किती वाजता येणार. तीन वाजले तरी भाकऱ्या तशाच झाकलेल्या दिसल्या, तर निदान कोणाला तरी प्रश्न पडेल की ती माणसं गेली कुठे.